चौथ्या मजल्यावरून सोडलेलं ऊन

बारीकमावशीला शोधत पहिल्यांदाच आलेला माणूस हमखास तिच्याच पुढ्यात उभा राहून तिचा पत्ता विचारतो. नाव ऐकून त्याने डोळ्यांपुढे एखादी काडीसारखी बाई आणलेली असते. दारात बसलेली असते ती मात्र दोन माणसांची जागा एकटीने भरणारी, मांडीवर कुणाची तरी पँट उलटी करून घेतलेली, चांगली ऐसपैस बाई.

"बारीकमावशी इथेच राहतात ना?"

"राहते की. पण ती खूप आत आहे," मावशी स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणते, "आता काही बाहेर यायची नाही. काय फाटलंय ते मलाच दाखवा."

बारीक आहे तो तिचा टाका. मावशी रफू करते. कपड्याला भोक पडलं, कुठे ठिणगी उडाली, कसर लागली, खिळ्यात अडकून फाटलं, की ती त्याच कपड्याच्या आतल्या बाजूने एकेक धागा ओढून काढते आणि भोकावर नवं कापड विणत जाते. एक उभा, एक आडवा, एक वरून, एक खालून. रुपयाएवढ्या भोकाला अर्धा दिवस जातो, आणि मग भोक कुठे होतं ते तुम्हाला सापडत नाही. माझ्या मुलाच्या स्वेटरची बाही मी एकदा खिडकीशी धरून पाऊण तास न्याहाळत होते. शेवटी तिलाच माझी दया आली. "ती नव्हे, दुसरी बाही," म्हणाली.

या धंद्याची गंमतच अशी आहे. काम चांगलं झालं तर ते दिसत नाही, आणि दिसलं तर ते वाईट झालेलं असतं. असा आणखी एकच धंदा मला माहीत आहे, तो म्हणजे घर सांभाळण्याचा. म्हणूनच बहुधा आमचं जमलं.

आमची इमारत जुनी, तीनमजली, वर पत्रा. मी दुसऱ्या मजल्यावर आणि मावशी तळमजल्यावर, गल्लीच्या अंगाला, एका खोलीत. खोलीत एक लोखंडी खाट, एक स्टूल, एक गॅसची शेगडी आणि बिस्किटांचा भलामोठा पत्र्याचा डबा. डब्यात धागे. नुसते तपकिरी म्हणाल तर साठ-सत्तर तऱ्हेचे असतील. मावशी त्यांना ओळखते ती अशी: "हा चहाचा, हा जास्त उकळलेल्या चहाचा, हा कपात तळाला राहिलेला." खोलीला खिडकी एकच, पूर्वेची. आणि खोलीत माणसं दोन, मावशी आणि तिच्या सासूबाई.

मावशीचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. सुईचा हात तिला सासूबाईंनी दिला. त्या काळी सासूबाई या भागातल्या नावाजलेल्या रफूवाल्या. आता डोळे गेलेत. मोतीबिंदू वेळेवर दाखवला असता तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर दाखवायला हाताशी वेळ असावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पण सासूबाईंची जीभ अजून सुईपेक्षा टोकदार आहे आणि सुनेला त्यांनी शिकवलेला नियम एकच आहे: रंग उन्हात विचारायचा.

म्हणजे काय, ते मला मावशीने एकदा दाखवलं. दोन काळे धागे घेतले, ट्यूबखाली धरले. अगदी जुळे भाऊ. खिडकीतल्या उन्हात नेले, तर एक काळा आणि दुसरा चक्क हिरवट! "दिव्याला काय," मावशी म्हणाली, "त्याला सगळे सारखेच. तो गोड बोलतो. ऊन मात्र तोंडावर सांगतं." विणकाम ती ट्यूबखालीही करायची, पण धागा निवडायचा तो सकाळच्या उन्हात. संध्याकाळी कुणी कपडा घेऊन आलं, तर कितीही मोठा माणूस असो, "उद्या दहाला या, सूर्याला विचारून सांगते," हे ठरलेलं.

सासूबाईंचं घड्याळसुद्धा तेच ऊन. खिडकीशी स्टुलावर बसायच्या. ऊन हनुवटीवर आलं की पहिला चहा, मांडीवर आलं की औषधाची गोळी, पावलांवर उतरलं की जेवण. उन्हाचा तुकडा अंगावरून सरकायचा आणि त्या बसल्या जागी सुनेवर हुकूम सोडायच्या.

आणि मग समोर बारा मजल्यांची इमारत उभी राहायला लागली.

आधी गल्लीच्या तोंडाशी मोठा फलक लागला. त्यावर एक हसरं कुटुंब आणि खाली मोठ्या अक्षरांत: "घराघरात भरपूर सूर्यप्रकाश!" आम्ही सगळ्यांनी तो कौतुकाने वाचला. हा भरपूर सूर्यप्रकाश आणणार कुठून, हा प्रश्न आम्हाला स्लॅब पडायला लागल्यावर सुचला. दर मजल्यागणिक मावशीच्या खोलीत ऊन उशिरा यायला लागलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत सासूबाईंचा पहिला चहा साडेआठवर गेला. सहाव्याला औषधाची गोळी आणि जेवण एकत्र झालं. नवव्याला ऊन आलंच नाही. सासूबाई अकरा वाजेपर्यंत हनुवटी वर करून बसून होत्या.

"सूनबाई, आज उजाडलं नाही का गं?"

"उजाडलं, आई. पण समोरच्यांकडे."

त्यात भर म्हणजे नव्या इमारतीला रंग दिला तो विटकरी. त्याची छटा सगळ्या गल्लीवर सांडते. दुपारी पांढरा शर्ट घालून माणूस गल्लीतून गेला तर शर्ट लाजल्यासारखा दिसतो. असल्या उजेडात रंग कोण विचारणार? गल्लीत खरं ऊन उतरायचं ते दुपारी बाराच्या सुमारास, अर्धा तास, आणि तेही नेमकं नव्या इमारतीच्या फाटकापुढच्या पायरीवर. मावशी डबा घेऊन तिथे जाऊन बसायला लागली. तिसऱ्या दिवशी तिथला वॉचमन आला.

"ओ मावशी, इथे बसायचं नाही."

"बसले नाही दादा, रंग बघतेय."

"मग उभं राहून बघा."

मावशी उभी राहिली. "आता?"

वॉचमन जरा विचारात पडला. "उभंही राहायचं नाही. साहेब लोकांना बरं दिसत नाही."

"मलाही दिसत नाही, म्हणून तर आले!"

तो हसला, पण नोकरी ती नोकरी. पुढच्या महिन्यात फाटकावर गाड्यांसाठी छत टाकलं आणि तो वादच मिटला. तेव्हापासून मावशी रंग जुळवायला डबा काखेत मारून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायला लागली. जायला पंधरा मिनिटं, गुडघ्यांसह पंचवीस.

नव्या इमारतीत लोक राहायला आले. पश्चिमेच्या, म्हणजे आमच्या बाजूच्या घरांत दुपारी एकपासून मावळतीपर्यंत ऊन धो धो. महिन्याभरात त्या सगळ्या खिडक्यांना जाड पडदे लागले. आमच्या बाजूला ट्यूब दिवसा लागल्या, त्यांच्या बाजूला पडदे दिवसा लागले. मधली गल्ली जेमतेम वीस पावलांची असेल.

*

मावशीचं निम्म्याहून जास्त काम यायचं ते नाक्यावरच्या लाँड्रीवाल्याकडून. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत. तोंडाने बोलताना पाय दुकानाकडे निघालेले असतात. एका सोमवारी संध्याकाळी तो एक कोट घेऊन आला. गर्द निळा, जवळजवळ काळा. हात लावला तर लोण्यासारखा. पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, ठिणगीने पडलेलं वाटाण्याएवढं भोक.

"समोरच्या चौथ्या मजल्याचा आहे. साहेबांचा गुरुवारी सत्कार आहे. उद्या संध्याकाळी पाहिजे."

"उद्या सकाळी रंग बघते, मग सांगते."

"मावशी, सांगायबिंगायचं नाही. नीट ऐक. त्या इमारतीत अठ्ठेचाळीस घरं आहेत. हा कोट जमला, तर सगळी इमारत तुझी. नाही जमला, तर मी नदीपलीकडच्या मशीनवाल्याकडे काम टाकणार. त्याच्याकडे दिवे आहेत, भिंगं आहेत, चार पोरं आहेत. मलाही धंदा करायचाय." पाय निघालेच होते, तेवढ्यात मागे वळून म्हणाला, "हे काय मला बरं वाटतं असं नाही."

तो गेला आणि मावशीने कोट उलटा केला. शिंपी शिवताना कापड आत थोडं जास्तीचं दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. रफूचा धागा त्या मायेतूनच निघतो. पण साहेबांचं पोट सत्काराच्या आधीपासूनच वाढीला लागलेलं. कोट दोनदा सैल करून घेतलेला, माया सगळी वापरून झालेली. आत धागा नाही. म्हणजे डब्यातलाच जुळवावा लागणार. आणि त्याच दिवशी मावशीचा उजवा गुडघा भाकरीसारखा फुगलेला.

मंगळवारी सकाळी तिने मला हाक मारली. मी खाली गेले, तर कोट मांडीवर, ट्यूब डोक्यावर आणि निळा धागा चिमटीत.

"बघ गं, जुळतोय ना?"

मी पाहिलं. तंतोतंत. धागा कोटावर ठेवला की नाहीसाच व्हायचा.

"मोठ्या रस्त्यावर नेऊन बघू का मी?" मी विचारलं.

मावशीने सासूबाईंकडे चोरून पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे, मग घड्याळाकडे. "तू बघून काय होणार? नजर माझी लागते. तीस वर्षांची नजर आहे, एक दिवस चालेल तिच्यावर." हे ती इतक्या हळू म्हणाली की मीच ऐकलं. निदान मला तसं वाटलं.

संध्याकाळी कोट गेला.

बुधवारी दुपारी एक वाजता लाँड्रीवाला आला तो दारातूनच, "मावशी, चल वर. चौथ्या मजल्यावरच्या बाई आग ओकतायत."

*

आम्ही तिघं गेलो. मी यासाठी की धाग्यांचा डबा धरायला कुणीतरी हवं होतं आणि मावशीला धरायलाही. फाटकाशी तोच वॉचमन. त्याने मावशीला पाहिलं आणि उगाच टोपी सारखी केली. "कामाच्या माणसांची लिफ्ट मागच्या बाजूला आहे," म्हणाला. "मला काय नियम करायची हौस नाही, मावशी." मागच्या लिफ्टमध्ये एक खोका, दोन बादल्या आणि ट्यूब. वरच्या दारात बाईंनी कोट लाँड्रीवाल्याच्या हातात कोंबला. त्याने तिथेच, व्हरांड्यातल्या दिव्याखाली तो उलगडला, पाठ वर केली, डोळे बारीक केले.

"कुठेय? दाखवा बाई, कुठेय? मला तर भोकच सापडत नाही!"

"आत या," बाई म्हणाल्या.

आत सगळे पडदे ओढलेले, कोपऱ्यात दिवे. तिथेही कोट एकसंध निळा. लाँड्रीवाल्याची छाती दोन इंच फुगली. मग बाईंनी पडद्याची दोरी ओढली.

ऊन आत आलं ते दार फोडून आल्यासारखं. आणि कोटाच्या पाठीवर उगवलं एक वांगं. छोटं, गोल, जांभळं, टवटवीत.

बाईंनी पडदा लावला. निळा. उघडला. वांगं. लावला. निळा.

"बाई," लाँड्रीवाला म्हणाला, "साहेबांनी कोट घरातच घातला तर?"

"सत्कार बागेत आहे. दुपारी चार वाजता. दोनशे माणसांसमोर पाठमोरे चालत जाणार आहेत ते."

"मग उलटं चालत..." एवढं बोलून त्याने कोट खाली केला. मग त्याने मावशीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मशीनवाला दिसायला लागला.

मला वाटलं, मावशी आता सबब सांगेल. गुडघा, घाई, तुमच्याच इमारतीने खाल्लेलं ऊन. काहीही सांगितलं असतं तरी खरंच होतं. मावशीने कोट हातात घेतला, उन्हात धरला आणि म्हणाली, "चूक माझी आहे. मी दिव्याला विचारलं. बाई, मला दोन तास इथे बसू द्याल? पडदा उघडा ठेवून?"

बाई घुटमळल्या. "ऊन फार येतं हो इथे," त्या म्हणाल्या, पाहुणे फार येतात अशी तक्रार करावी त्या सुरात. "सोफ्याचा रंग बघा, एका बाजूने कसा गेलाय."

"जाऊ दे की अजून थोडा. दोन्ही बाजू सारख्या होतील."

बाईंना हसू आवरलं नाही आणि परवानगी मिळाल्यात जमा झाली. त्यांनी सोफा दाखवला. मावशी बसली आणि जवळजवळ दिसेनाशी झाली. "ह्याच्यातून मला कोण काढणार?" म्हणाली; बाईंनी आणि मी ओढून काढल्यावर तिने खिडकीपाशी फरशीवर फतकल मारली. डबा उघडून निळे धागे पांढऱ्या फरशीवर ओळीने मांडले. सगळे मिळून एकोणीस. ट्यूबखाली जो धागा अगदी आपला वाटला होता, तो उन्हात उपऱ्यासारखा बाजूला पडला. आणि जो तिने काल सकाळी हिरवट म्हणून नाकारला होता, तो कोटावर ठेवताक्षणी विरघळून गेला.

"हा बघ लबाड," मावशी म्हणाली, "इथे बसला होता तोंड लपवून."

मग जुनं वांगं उसवणं आणि नव्याने विणणं. लाँड्रीवाला अर्धा तास उभा राहिला, दोनदा दुकानाकडे निघाला, दोनदा परत आला, शेवटी गेला. बाईंनी मला खुर्ची दिली आणि आम्हाला चहा. थोड्या वेळाने त्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही राहता कुठे, मावशी?"

"ही काय, खाली. समोरची तळमजल्याची खिडकी."

बाईंनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं. उन्हातून खाली नजर टाकली तर तिथे फक्त एक काळा चौकोन होता, आत काही म्हणून काही दिसत नव्हतं.

"अय्या! मी रोज इथे उभी असते. मला वाटायचं ते गोदाम आहे."

"आम्हाला मात्र तुम्ही दिसता हो," मावशी सुईतून नजर न काढता म्हणाली. "अंधारात बसलं की उजेडातलं सगळं दिसतं. तुम्ही गेल्या महिन्यात पडदे बदललेत ना? आधीचे बरे होते."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आणखी काय दिसतं?"

"साहेब सकाळी व्यायाम करतात. म्हणजे सुरू करतात."

नेमके तेव्हाच साहेब घरी आले. उद्याचा सत्कारमूर्ती, गोल चेहऱ्याचा, साधा माणूस. साडेतीन वाजत आले होते, शेवटचा टाका पडला होता. बाईंनी त्यांना कोट चढवून बाल्कनीत उन्हात उभं केलं. आम्ही तिघी पाठीमागे. भोक कुठे होतं ते मला माहीत होतं आणि तरीही मला सापडलं नाही.

"मला कसं कळणार? माझी पाठ आहे ती," साहेब म्हणाले.

म्हणून बाई आतून टेबलावरचा आरसा घेऊन आल्या, चांगला हातभर लांब. तो त्यांनी मागून धरला, दुसरा लहान साहेबांच्या हातात दिला, आणि "जरा डावीकडे, अहो डावीकडे म्हणजे तुमच्या नव्हे, माझ्या," असं चालू झालं. मोठा आरसा तिरका झाला, खाली कलला.

आणि गल्लीतून खणखणीत आवाज आला.

"सूनबाई! अगं ए सूनबाई! सूर्य आला गं!"

मावशी दचकून कठड्याशी धावली. धावली म्हणजे तिच्या मानाने. खाली आमच्या इमारतीच्या विटकरी सावलीत एक लख्ख चौकोन पडला होता, नेमका तिच्या खिडकीत. मघाचा काळा चौकोन उजळून निघाला होता. आतलं स्टूल दिसत होतं, स्टुलावरच्या सासूबाई, त्यांची वर केलेली हनुवटी. चौथ्या मजल्यावरून त्या चिमुकल्या दिसत होत्या, पण आवाज चिमुकला नव्हता.

"दुपारी पूर्वेकडून ऊन! काय चाललंय काय? चहा टाकायचा की जेवण?"

साहेबांनी विचारलं, "कोण आहेत त्या?"

"माझ्या सासूबाई," मावशी म्हणाली. "बाई, तो आरसा हलवू नका. हलवू नका हं." तिचा आवाज मला वेगळाच लागला. ती त्या चौकोनाकडे पाहत होती, अगदी धागा जुळवताना पाहते तशी.

बाईंनी आरसा हलवला नाही. हात भरून आला तेव्हा साहेबांनी धरला. सत्काराचा कोट अंगात, हातात आरसा, आणि खाली हनुवटीवर ऊन घेऊन बसलेली म्हातारी. त्या दोघांना आपण काय करतोय ते नीट कळत नव्हतं, पण थांबावंसंही वाटत नव्हतं.

*

सत्कार झाला. साहेब दोनशे माणसांसमोर पाठमोरे चालत गेले आणि कुणालाही काही दिसलं नाही. हीच मावशीची कीर्ती. बाईंनी जास्तीचे पैसे देऊ केले, तर मावशी म्हणाली, "पैसे कामाचे तेवढेच द्या. जास्तीचं काही द्यायचंच असेल तर ऊन द्या. तुमच्याकडे पडून आहे."

आता तो आरसा बाल्कनीच्या कठड्याला बसवलेला आहे. मावशीने स्वतः जाड दोऱ्याने बांधलाय, वर-खाली कलता होईल असा. रोज दुपारी दोनला चौथ्या मजल्यावरून ऊन सुटतं आणि वीस मिनिटं मावशीच्या खिडकीत राहतं. मग ते सरकतं, भिंत चढतं आणि माझ्या मोरीच्या झरोक्यात घुसून संपतं. मावशीला वीस मिनिटं पुष्कळ. दिवसभराचे कपडे ओळीने मांडलेले असतात, डबा उघडा असतो, भराभर रंग विचारून घेते. विणायला ट्यूब आहेच. पहिल्या दिवशी तिने एक धागा मोठ्या रस्त्यावरच्या उन्हात पाहून ठेवला आणि तोच या उन्हात पाहिला. "उसनं आहे," म्हणाली, "पण खोटं नाही."

लाँड्रीवाल्याने शब्द पाळला. अठ्ठेचाळीस घरांचं फाटकंतुटकं आता मावशीकडे येतं. श्रीमंतांच्या कपड्यांनाही इतकी भोकं असतात हे आम्हाला आताच कळलं. फक्त ती बुजवायला वेळेवर माणूस मिळतो. मशीनवाल्याचं नाव लाँड्रीवाला आता काढत नाही, पण दोन वाजता कधीकधी घाईघाईने येऊन बाल्कनीकडे बघून जातो. कारण हे ऊन मिळणं सोपं नाही. बाई झोपल्या, तर ऊन नाही. बाई बाहेर गेल्या, तर ऊन नाही. पहिल्याच आठवड्यात एकदा दोनचे सव्वादोन झाले तेव्हा सासूबाई खिडकीतून वरती ओरडल्या, "ए वरची! उजेड सोड गं!" नळाला पाणी सोडायला सांगावं तसं. मावशीने कपाळावर हात मारला. पण वरून "सोडते हो आजी, सोडते!" असा आवाज आला आणि ऊन आलं.

बाई गावाला जाताना किल्ली वॉचमनकडे ठेवून जातात. मग आरसा तो फिरवतो. ज्याने मावशीला पायरीवरच्या उन्हातून उठवलं, तोच आता तिला चौथ्या मजल्यावरून ऊन सोडतो. त्याचा जुना स्वेटर मावशीने कोपरांवर रफू करून दिला, तेव्हा म्हणाली, "पायरीवर बसू दिलं असतंस तर चार जिने वाचले असते तुझे."

"कामाच्या लिफ्टने जातो की, मावशी," तो म्हणाला.

सासूबाईंना तो ट्यूबखाली निवडलेला धागा मात्र कोण जाणे कसा, पण कळला होता. महिन्याभराने एकदा सहज म्हणाल्या, "तीस वर्षांची नजर म्हणे! मला चाळीस वर्षांची होती, तरी मी उन्हाला विचारत होते." मावशीने त्या दिवशी सासूबाईंचा चहा न मागता टाकला.

परवाच्या रविवारी मात्र गंमत झाली. पावणेदोनला दारात सावली पडली. पाहतो तर चौथ्या मजल्यावरच्या बाई, हातात एक लोकरीचं जाकीट घेऊन. पहिल्यांदाच खाली आल्या होत्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तशाच थांबल्या, हात पुढे करून, चाचपडत.

"मावशी, आहात ना? मला काही दिसतच नाहीये."

"उन्हातून आलात ना," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "घाई करू नका. तिथेच जरा थांबा. दिसायला लागतं हळूहळू."

बाई थांबल्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होते. आधी त्यांना स्टूल दिसलं असावं, मग डबा, मग खाट, मग भिंतीवर टांगलेली त्यांच्याच इमारतीतल्या कपड्यांची रांग, मग मावशी. सगळ्यात शेवटी त्यांनी खिडकीतून वर पाहिलं, आपल्याच बाल्कनीकडे, आणि बराच वेळ पाहतच राहिल्या.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "सगळंच दिसतं इथून." मग मावशीकडे वळून, "पडदे खरंच आधीचे बरे होते."

"बसा," मावशी म्हणाली आणि स्टूल पुढे केलं. "पण मग आता दोन वाजता ऊन कोण सोडणार?"

"साहेबांना सांगून आलेय."

दोन वाजले. उन्हाचा चौकोन गल्लीत उतरला, आधी आमच्या जिन्यावर गेला, मग नाक्याकडे, मग एका सायकलवाल्याच्या तोंडावर. तो शिव्या देत निघून गेला. शेवटी एकदाचा खिडकीत आला, पण एका जागी ठरेना. धाग्यांवरून जाकिटावर, जाकिटावरून मावशीच्या नाकावर. मावशी धागा घेऊन त्याच्यामागे डावी-उजवीकडे वाकत होती.

सासूबाईंनी हनुवटी वर केली, ऊन गालावर येऊन गेलं, परत आलं, परत गेलं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "वरती माणूस बदललाय वाटतं. आजचा सूर्य थरथरतोय."

बाई उठल्या, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि चौथ्या मजल्याकडे पाहून खणखणीत आवाजात ओरडल्या, "अहो, नीट धरा! इकडे रंग बघायचाय!"